रोषाचा पत्ता

अंतराळगाथांच्या मराठी चाहत्यांना,



नव्या सीझनचा शेवटचा भाग संपतो आणि पहाट व्हायच्या आत त्याचा निकाल लागलेला असतो. ‘माती केली’, ‘लेखकाला हाकला’, ‘आमचं पात्र मारलं, आता बघतोच’. यातला राग खोटा नसतो, हे आधीच मान्य करतो. ज्या गोष्टीत चार-पाच वर्षं जीव गुंतला तिचा शेवट मनासारखा झाला नाही की माणूस कळवळतो, आणि त्या कळवळ्याला ‘कार्टूनसाठी एवढं काय’ म्हणून झटकून टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. साम्राज्य, निष्ठा, फितुरी आणि बलिदान यांची मोठी गोष्ट रेखाटलेल्या पात्रांतून सांगणारा हा प्रकार आपल्या आख्यानांचा जवळचा नातेवाईक आहे. त्यावर हिरिरीनं भांडावं. माझी तक्रार वेगळी आहे. तुमचा रोष भलत्याच दारावर जाऊन धडकतो, आणि ज्या दारावर जायला हवं तिथं कोणी फिरकत नाही.

हे पत्र कोल्हापुरातून लिहितो आहे, आणि पडद्यावरच्या खोट्याला खरं मानण्याची ताकद काय असते हे या गावाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला, तेव्हा कीचकवधाच्या दृश्यानं प्रेक्षक हादरले, किंकाळ्या उठल्या, काहींना भोवळ आली आणि शेवटी ते दृश्य कापावं लागलं. पडद्यावर रंग नव्हता, आवाज नव्हता, हलत होत्या त्या नुसत्या सावल्या. तेव्हा एखाद्या रेखाटलेल्या राजकन्येच्या मरणानं तुमची झोप उडते, यात मला नवल वाटत नाही.

पण झोप उडाल्यावर काय केलं जातं, ते ‘व्होल्ट्रॉन: लिजंडरी डिफेंडर’च्या उदाहरणात नीट दिसतं. पाच यंत्रसिंह एकत्र येऊन एक महाकाय योद्धा होतो, ही मूळ कल्पना १९८१ सालच्या जपानी ‘गोलायन’ मालिकेची. तिचं अमेरिकी रूप १९८४ मध्ये ‘व्होल्ट्रॉन’ या नावानं आलं आणि जून २०१६ पासून ड्रीमवर्क्सनं नेटफ्लिक्ससाठी ती गोष्ट नव्यानं सांगितली. अडीच वर्षांत आठ सीझन, ७८ भाग. सूत्रं जोकीम डोस सँटोस आणि लॉरेन माँटगोमेरी यांच्या हाती होती, अ‍ॅनिमेशन दक्षिण कोरियातल्या स्टुडिओ मीरचं होतं. मालिका रंगात आलेली असतानाच कीथ आणि लान्स या पथकातल्या दोन योद्ध्यांचं प्रेम दाखवलंच पाहिजे, असा काही चाहत्यांचा आग्रह टोकाला गेला. स्टुडिओतून बाहेर पडलेली अप्रसिद्ध चित्रं पुढे करून ‘हे नातं दाखवा, नाहीतर ही फोडतो’ अशी धमकी देण्यापर्यंत मजल गेली. प्रेमाच्या गोष्टीसाठी खंडणीची भाषा वापरली जावी, तीसुद्धा रात्रंदिवस चित्रं काढणाऱ्या माणसांविरुद्ध, हे मला अजून पचलेलं नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये सातवा सीझन आला. पथकाचा नायक शिरो याचा पूर्वीचा जोडीदार अ‍ॅडम याची ओळख आधी मोठ्या कौतुकानं करून दिली होती; मालिकेत मात्र तो आला काय आणि हल्ल्यात मारला गेला काय, दोन-चार क्षणांचाच खेळ. समलिंगी पात्र आणायचं आणि लगेच संपवायचं, ही पडद्यावरची जुनी खोड आहे. त्यावर चाहत्यांनी घेतलेली हरकत पूर्णपणे रास्त होती. डोस सँटोस यांनी जाहीर पत्र लिहून दुखावलेल्यांची माफी मागितली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आठवा, शेवटचा सीझन आला. अलूरा या राजकन्येनं विश्वांना वाचवण्यासाठी प्राण दिले आणि अगदी शेवटच्या चित्रांत शिरोचं लग्न एका जवळपास अनोळखी पात्राशी लावून दिलं. संतापाचा भडका उडाला. खरा सीझन वेगळाच होता, तो दडवला आहे, तो बाहेर काढा, अशी समजूत पसरली. सह्यांच्या मोहिमा निघाल्या. असा दुसरा सीझन आजतागायत कोणी पाहिलेला नाही.

अलूराचं मरण मलाही पटलं नाही. अनेक सीझनभर तिच्यावर जे काही लादलं गेलं, त्याचा शेवट पुन्हा तिच्याच आहुतीत व्हावा, ही लेखनातली आळशी वाट आहे. पण हे म्हणण्यासाठी गोष्टीची बांधणी उकलून दाखवावी लागते. आमच्या खासबागेच्या मैदानात कुस्ती बरोबरीत सोडवली की प्रेक्षक खवळतो, त्याला निकाली कुस्ती हवी असते. मात्र पकड कुठं ढिली पडली, डाव कधी हुकला, हे त्या खवळलेल्या प्रेक्षकाला शेजाऱ्याला सांगता येतं. तुमच्या प्रतिक्रियांत मी हा डाव ओळखणारा डोळा शोधत असतो. पाचशे प्रतिक्रियांत तो पाचांत सापडतो, आणि त्या पाच जणांना बाकीचे ‘कंपनीचे भाडोत्री’ म्हणून गप्प करतात.

आणि तो भाग बनतो कसा, तेही जरा जवळून पाहा. आधी संहिता लिहिली जाते, मग प्रत्येक दृश्याची चित्रपट्टी काढली जाते. अमेरिकी रीतीत संवाद बहुधा आधीच ध्वनिमुद्रित होतात. कच्च्या चित्रांवर ते बसवून वेळेचा अंदाज घेतला जातो आणि हे सगळं बाड परदेशातल्या स्टुडिओकडे जातं. तिथं कोणी मुख्य मुद्रा काढतो, कोणी दोन मुद्रांमधली चित्रं भरतो, कोणी रंग, कोणी सावली, कोणी मागचं आकाश. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. २२ मिनिटांच्या भागात तीस हजारांहून जास्त. एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवलं तरी दहा हजारांच्या वर चित्रं होतात. हे काम महिनोन् महिने आधी सुरू झालेलं असतं. म्हणून ऑगस्टमधल्या संतापाचं उत्तर डिसेंबरच्या सीझनमध्ये मिळावं, ही अपेक्षा या धंद्याच्या रीतीला धरून नाही. फार तर शेवटी चार चित्रं जोडता येतात. गोष्टीचा कणा तेव्हा बदलता येत नाही. ज्या मुलीनं अलूराच्या डोळ्यातला थेंब रंगवला, तिनं अलूराला मारायचं ठरवलेलं नसतं. आवाज देणाऱ्या नटानं तर ते ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. तरी शिव्या जातात त्यांनाच, कारण त्यांची नावं सापडतात आणि त्यांची दारं उघडी असतात. ज्या बैठकीत भागांची संख्या, पैसा आणि मुदत ठरते, त्या बैठकीला चेहरा नसतो.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. आरडाओरडा केल्यानंच मालिका वाचल्या, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. जपानची ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झाली. समोर त्याच वेळेला ‘हायडी’सारखी लाडकी मालिका होती. प्रेक्षक मिळेनात, ३९ भागांचा बेत २६ वर आटोपावा लागला. पण चाहत्यांनी ती सोडली नाही, मंडळं काढली, पुन्हा दाखवा म्हणून पिच्छा पुरवला आणि १९७७ साली तिचाच संकलित चित्रपट लागला तेव्हा चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या. ‘मोबाइल सूट गंडम’ १९७९–८० मध्ये अशीच ४३ भागांवर तोडली गेली. पुनःप्रक्षेपणानं आणि तिच्या यंत्रमानवांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींनी ती पुन्हा उभी राहिली. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘क्लोन वॉर्स’ या मालिकेचं काम २०१३ मध्ये थांबवलं गेलं, चाहत्यांनी पाच वर्षं मागणी जिवंत ठेवली, आणि २०२० मध्ये सातवा सीझन येऊन गोष्ट पुरी झाली. ‘स्टार ट्रेक: प्रॉडिजी’ जून २०२३ मध्ये रद्द झाली, इतकंच नव्हे तर तिच्या मूळ सेवेवरून काढूनही टाकली गेली. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, वर्गणी काढून लॉस एंजेलिसच्या आकाशात फलक लावलेलं विमान फिरवलं. पुढे नेटफ्लिक्सनं ती घेतली आणि १ जुलै २०२४ रोजी दुसरा सीझन लोकांपुढे आला.

या सगळ्या मोहिमांत मागणी होती ‘आम्हाला पाहू द्या’ ही, आणि ती पोचली निर्णय घेणाऱ्या वाहिनीकडे किंवा कंपनीकडे. कोणत्या पात्रानं कोणावर प्रेम करावं, याची ती यादी नव्हती. शिवाय त्या मोहिमांत चित्र काढणारे आणि चाहते एका बाजूला होते. ‘व्होल्ट्रॉन’च्या वेळी तेच एकमेकांसमोर उभे राहिले. माझ्या मते यश-अपयशाचा सगळा फरक इथं आहे.

कोणी जाणकार ‘यामातो’चंच उदाहरण उलटं टाकेल. १९७८ च्या चित्रपटात नायक युद्धनौकेसह मृत्यूला सामोरा जातो; त्याच वर्षी सुरू झालेल्या मालिकेत तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण नायक वाचतो. म्हणजे शेवट बदलता येतो ना? येतो. मात्र तो बदलला निर्मात्यांनी, नवी गोष्ट रचून, आणि लोकप्रिय जहाज पुढेही चालवायचं होतं म्हणून. चित्रपट पुसला गेला नाही, दोन्ही शेवट शिल्लक राहिले. मला विचाराल तर पहिल्याचं वजन दुसऱ्यात उरलं नाही. तुमच्या लाडक्या पात्राला जिवंत करून देणारा लेखक तुमचा मित्रच असतो असं नाही. कधी तो तुमच्याच ओढीचा हिशेब मांडत असतो.

माझी दुसरी तक्रार घाईची आहे. ट्रेलरच्या दोन मिनिटांवर सीझनचा पंचनामा होतो, पहिला भाग संपायच्या आत गुण दिले जातात. ऑगस्ट २००८ मध्ये ‘क्लोन वॉर्स’ प्रथम चित्रपट म्हणून आला, तेव्हा अहसोका तानो ही अनाकिन या नायकाची शिष्या असंख्य चाहत्यांना डोळ्यांसमोर नको होती. आगाऊ, बडबडी, उगाच घुसवलेली, असं तिच्याबद्दल बोललं गेलं. मालिकेचे दिग्दर्शक डेव्ह फिलोनी आणि त्यांच्या मंडळींनी तिला वाढू दिलं. पाचव्या सीझनच्या अखेरीस ती आपल्याच पंथाकडे पाठ फिरवून पायऱ्या उतरते, तेव्हा तीच टीकाकार मंडळी हळहळली. २०२३ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. पहिल्या आठवड्यातल्या संतापाचं ऐकून तिला काढून टाकलं असतं, तर हे काहीच झालं नसतं.

घाईइतकाच पूर्वग्रहही घातक. याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. अंतराळातल्या गोष्टी मराठीत सांगण्याची वाट ज्यानं रुंद केली, त्या माणसाला कथा कथा म्हणूनच वाचली जावी याची एवढी काळजी होती. तुम्ही मात्र नाव पाहून, कंपनी पाहून, आधीच्या सीझनचा राग धरून निकाल देता. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांची आठवण काढली. त्या आठवणीला धरून गोष्ट गोष्ट म्हणून पाहण्याएवढं तरी करता येईल.

आता ज्या दारावर तुम्ही जात नाही, त्याबद्दल. ४ मे २०२३ रोजी ‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’चा दुसरा सीझन आला. नऊ लघुपट, नऊ देशांतले स्टुडिओ. त्यात ‘व्होल्ट्रॉन’वाले स्टुडिओ मीर होते, आणि भारतातून होता मुंबईचा ८८ पिक्चर्स, मिलिंद शिंदे यांनी स्थापन केलेला. ईशान शुक्ल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्यांच्या ‘द बँडिट्स ऑफ गोलक’मध्ये एक मुलगा आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन पळतो आहे. बहिणीच्या अंगी ती गूढ शक्ती आहे आणि साम्राज्याचे सैनिक मागावर आहेत. दोघं आगगाडीनं येतात आणि एका ढाब्यात आसरा घेतात. त्या ढाब्यातली एक वृद्धा प्रकाशाची तलवार उपसते. परग्रहावरचा ढाबा! चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या विश्वात आपण नुसते प्रेक्षक होतो, तिथं आपल्याकडचा ढाबा आला, तोही मुंबईत काम करणाऱ्या हातांनी. माझ्या मते ढाब्यातली झटापट उत्तम जमली आहे. भावाबहिणीच्या निरोपाला मात्र आणखी दोन मिनिटं मिळायला हवी होती. यावर मराठीत किती वाद झाला? हे लघुपट मुख्य कथेच्या कालक्रमात धरायचे की नाही, अंतराळात आगगाडी कशाला, उच्चार भारतीय का, एवढ्यावर बोलणं आटोपलं. परदेशी सीझनच्या एका मरणावर महिनाभर जागणाऱ्यांकडे घराशेजारच्या कामासाठी एक संध्याकाळ नव्हती, याचं मला दुःख आहे.

आणि भाषा. २०१९ साली जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा अ‍ॅनिमेशनपट भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी पन्नास हजारांहून अधिक सह्या जमवल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. म्हणजे भारतीय चाहत्याचं ऐकलं जातं, हे सिद्ध झालेलं आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट आला, तो जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीत नाही. ‘मराठी माणसाला हिंदी कळतं’ हे कंपन्यांचं कारण आपणच त्यांना पुरवलेलं आहे. ‘मराठी डबिंग हास्यास्पद होतं’ हेही तुमच्यातलेच म्हणतात. हिंदी ‘लायन किंग’मधला टिमॉन मराठी नट श्रेयस तळपदे यांच्या आवाजात बोलतो आणि हिंदी ‘पुष्पा’ही त्यांच्याच. डबिंगचा एवढा मोठा धंदा मुंबईत आहे, त्यात मराठी गळे रोज राबतात. उणीव आवाजांची नाही, मागणीची आहे. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षक आपल्या भाषेत पाहायला जातो, म्हणून त्याच्यासाठी ध्वनिपट तयार होतो. गडहिंग्लजच्या किंवा आजऱ्याच्या आठवीतल्या मुलीनं साम्राज्याविरुद्धचं बंड आपल्या बोलीच्या जवळच्या भाषेत ऐकावं, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते कंपनीला लिहून मागायला हवं. शेकड्यांनी, हजारांनी, सीझन येण्याच्या वर्षभर आधी.

‘आम्ही पैसे भरतो, मग बोलायचं नाही का?’ असं विचाराल. बोला. पैसे भरल्यानं मत मांडण्याचा, वर्गणी बंद करण्याचा, कंपनीला जाब विचारण्याचा हक्क मिळतो. कोणाला घरी जाऊन धमकावण्याचा मिळत नाही. आणि जाब विचारायचे प्रश्नही खूप आहेत. पूर्ण झालेली मालिका करसवलतीसाठी किंवा हिशेबासाठी गायब का होते? एका भागाला किती आठवडे दिले? गोष्ट संपवायला लेखकांना किती भाग मिळतील, हे त्यांना आधी सांगितलं होतं का? तुम्हाला घाईचा वाटलेला शेवट पुष्कळदा याच प्रश्नांच्या उत्तरात दडलेला असतो. हे प्रश्न विचारणारा चाहता कलाकाराच्याही उपयोगी पडतो.

तेव्हा पुढचा सीझन येईल तेव्हा माझं एवढं ऐका. पूर्ण पाहा, मग एक रात्र जाऊ द्या. जे खटकलं ते कोणत्या भागात, कोणत्या दृश्यापासून बिनसलं हे मराठीत, सविस्तर लिहा. दिवाळी अंकांच्या संपादकांकडे पाठवा, नाकारलं तर पुन्हा पाठवा. नाटकाच्या आणि चित्रपटाच्या समीक्षेची मोठी परंपरा असलेल्या भाषेत या प्रकाराला एक कोपराही नसावा, हे तुमच्याशिवाय कोणी बदलणार नाही. आणि भाग संपताच श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यात जाते, ‘पुढचा भाग’ची पट्टी भरू लागते, तेव्हा ती थांबवा. नावं पुढे सरकू द्या. मुंबईतलं, पुण्यातलं, सोलमधलं एखादं नाव टिपून ठेवा आणि त्या माणसानं केलेलं जे दृश्य आवडलं, ते त्याला कळवा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच रांगेतला एक प्रेक्षक,
कोल्हापूर